गुलाब विकायचे, पण बायकोला द्यायचे नाहीत?

पत्र थोडक्यात असं: मावळ तालुक्यातल्या एका २७ वर्षांच्या वाचक स्त्रीने लिहिलं आहे. लग्नाला दोन वर्षं झाली. सासरी पॉलिहाऊस आहे, त्यात डच गुलाब. जानेवारीच्या अखेरीपासून घरातली सगळी माणसं रात्री उशिरापर्यंत ग्रेडिंग-पॅकिंगला बसतात आणि माल परदेशी जातो. सासू-सासरे दोघंही माळकरी. मागच्या वर्षी १४ फेब्रुवारीला नवऱ्याने शेतातलाच एक गुलाब खोलीत आणून दिला. तो सासऱ्यांच्या नजरेला पडला. ‘माळेचं घर आहे हे, किरिस्तावांची थेरं इथे चालायची नाहीत,’ असं ते म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, ‘घरात लग्नाची पोर आहे, तिने यातून काय घ्यायचं?’ नवरा मान खाली घालून उभा राहिला. पुढे चार दिवस घरात अबोला. यंदा सासऱ्यांनी आधीच सांगून ठेवलंय की १४ तारखेच्या संध्याकाळी गावात मातृ-पितृ पूजनाचा कार्यक्रम आहे, दोघांनी हजर राहायचं. हिच्या मनात मात्र दोघांनी लोणावळ्याला जेवायला जायचं होतं. ती विचारते, ‘गुलाब विकायला चालतो आणि बायकोला द्यायला चालत नाही, हे ढोंग मी किती दिवस सोसायचं? आणि माझ्या बाजूने एक शब्द न बोलणाऱ्या नवऱ्याचं प्रेम खरं मानायचं का?’

तुमचा राग मला कळतो. दिवसभर हजारो गुलाब हाताखालून जातात, ते सगळे कोणाकोणाच्या प्रेमासाठी, आणि आपल्या वाट्याचा एक गुलाब मात्र गुन्हा ठरतो. कोणालाही लागेल असंच आहे हे. तरीही तुमचे सासरे ढोंगी आहेत, हे मला पटत नाही, आणि तिथूनच सुरुवात करायला हवी. त्यांना ढोंगी मानून तुम्ही बोलायला गेलात तर पुढचं काहीच जमणार नाही.

कांदा पिकवणारा शेतकरी एकादशीला कांद्याला शिवत नाही; त्यात आपल्याला काही खोटं वाटत नाही. तुमच्या सासऱ्यांसाठी गुलाब हे पीक आहे. १४ फेब्रुवारीचा हिशेब त्यांच्याइतका पक्का कोणाचाच नसेल. त्या तारखेपासून दिवस मागे मोजत डिसेंबरच्या मध्याला छाटणी धरायची, पुढचे दीडेक महिने भुरी रोग आणि थ्रिप्स किडीशी झगडायचं, थंडी जास्त पडली तर कळी उशिरा येईल म्हणून झोप उडवून घ्यायची, दांडीची लांबी भरली नाही तर भाव पडलेला बघायचा. त्या दिवसावर घर चालतं हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण ज्यावर घर चालतं ते सगळं घरात आणावंच लागतं असं नाही, असं ते मानत असतील. हे मानण्याचा त्यांना हक्क आहे. प्रश्न एवढाच, की तुमच्या खोलीपर्यंत हा हक्क पोचतो का. माझ्या मते पोचत नाही. पण ‘तुम्ही खोटे आहात’ आणि ‘हा निर्णय तुमचा नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं म्हणा, पहिलं नको.

आता ‘किरिस्तावांचं’ या आक्षेपाकडे येते. १४ फेब्रुवारीला संत व्हॅलेंटाईनचं नाव आहे हे खरं. पण रोमन कॅथलिक चर्चने १९६९ साली आपलं सार्वत्रिक पंचांग नव्याने आखलं तेव्हा त्याचा सण त्यातून वगळला. हुतात्मा म्हणून मान ठेवला, एवढंच. त्या तारखेला आता चर्च सिरिल आणि मेथोडियस या दोन संतांचं स्मरण करतं. २०१८ आणि २०२४ या दोन्ही वर्षी १४ फेब्रुवारीला राखेचा बुधवार आला होता. हा उपासाचा आणि प्रायश्चित्ताचा दिवस. वसईतल्या किंवा गोव्यातल्या श्रद्धाळू कॅथलिक घरात त्या दिवशी मेजवानीचा बेत काढला असता तर तिथल्या सासऱ्यांनीही कपाळाला आठ्या घातल्याच असत्या. मुसलमान समाजातही हाच वाद आहे. पाकिस्तानात इस्लामाबादच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हा दिवस सार्वजनिक ठिकाणी साजरा करायला मनाई केली होती. सौदी अरेबियात कित्येक वर्षं या दिवसांत लाल गुलाब विकायला बंदी असे. म्हणजे हा सण आपला नाही, असं जवळजवळ सगळेच धर्म म्हणतात. मुळात तो आता कुठल्याच धर्माचा उरलेला नाही. तो बाजाराचा आहे. आपल्याकडे तो १९९० नंतरच्या मोकळ्या बाजारपेठेबरोबर, भेटकार्डं आणि संगीतवाहिन्यांबरोबर आला. सासरे जर म्हणाले की हा दुकानदारांचा सण आहे, तर तेवढं मान्य करून टाका. मान्य केल्याने तुमचं काही जात नाही, कारण तुम्हाला दुकानातलं काही नकोच आहे. तुम्हाला नवऱ्याबरोबर एक संध्याकाळ हवी आहे.

सासऱ्यांच्या तोंडची भाषा आली कुठून, हेही जरा बघा. त्यांच्या तरुणपणी या दिवसाला कोणी विचारत नव्हतं, त्यामुळे विरोधही नव्हता. मग मुंबई-पुण्यात शिवसैनिकांनी भेटकार्डांच्या होळ्या केल्या, दुकानं फोडली. २००९ च्या जानेवारीत मंगळुरूच्या पबमध्ये श्रीराम सेनेच्या लोकांनी मुलींना मारहाण केली, आणि पाठोपाठ १४ फेब्रुवारीला जोडपी दिसली तर त्यांची लग्नं लावू अशा धमक्या दिल्या. २०२३ मध्ये तर केंद्राच्या जीवजंतू कल्याण मंडळाने या दिवशी गायीला मिठी मारा असं आवाहन काढलं आणि चार दिवसांत मागे घेतलं. दरवर्षी फेब्रुवारी आला की मोबाइलवर एक संदेश फिरतो, की याच तारखेला भगतसिंगांना फाशीची शिक्षा झाली. ती शिक्षा झाली ७ ऑक्टोबर १९३० ला आणि फाशी २३ मार्च १९३१ ला. पण संदेश थांबत नाही. पुलवामाच्या जवानांचं स्मरण मात्र खरं आहे. २०१९ मध्ये त्याच तारखेला ४० जवान गेले, आणि त्या दिवशी कोणाला जल्लोष नको वाटला तर त्याचा मान ठेवावा. दोघांनी शांतपणे जेवण्याने त्यांचा अवमान होत नाही.

मातृ-पितृ पूजनाचंही असंच. १४ तारखेलाच ते करावं हा प्रचार २००७ पासून आसारामच्या आश्रमाने केला, आणि त्याच आसारामला २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने अल्पवयीन मुलीवरच्या बलात्काराबद्दल जन्मठेप दिली. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते, सासऱ्यांच्या तोंडावर फेकायला नाही. गावातल्या त्या कार्यक्रमाला येणाऱ्या बहुतेक आईबापांना यातलं काही ठाऊक नसतं. वर्षातून एकदा मुलाने पाया पडावं, जवळ बसावं, एवढीच त्यांची ओढ असते आणि ती खोटी नाही. मुलगा सून आणतो, त्याचं लक्ष तिकडे लागतं, आपण मागे पडतो ही भीती कुठल्या आईबापाला नसते? त्या भीतीला कोणीतरी तारीख जोडून दिली आणि ती नेमकी तुमच्या तारखेवर ठेवली. तिथे ‘आईबाप की बायको’ असा सामना उभा राहिला. तो तुम्ही खेळू नका.

आता माझ्या मते या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. ते सासऱ्यांचं नाही, सासूबाईंचं आहे: घरात लग्नाची पोर आहे.

नवराबायकोच्या प्रेमाला आपल्याकडे सण नाहीत असं कोण म्हणेल? पहिली संक्रांत आली की सुनेला काळी साडी आणि हलव्याचे दागिने. दिवाळीच्या पाडव्याला बायको ओवाळते आणि नवरा तबकात काहीतरी घालतो. उखाण्यात तर त्याचं नाव सगळ्यांसमोर, यमक जुळवून, लाजत आणि मिरवत घ्यायचं असतं. हे सगळं प्रेमच आहे, आणि फार गोड आहे. पण ते चारचौघांत आहे. सासू शेजारी उभी असते, नणंद चिडवत असते, शेजारीण ऐकत असते. घराने त्या प्रेमाला मांडीवर बसवून घेतलेलं असतं. तुम्ही जे मागताय त्यात घर नाही. दार लावून दोघांनी बाहेर पडायचं आणि दोन-तीन तास या घराचे मुलगा-सून नसायचं, फक्त एकमेकांचं असायचं. सासूबाई बिचकतात त्या इथे. कारण आज सून अशी बाहेर पडली, तर उद्या मुलगी म्हणेल मलाही जायचंय, आणि तिच्याबरोबर जाणारा नवरा नसेल. धर्म, संस्कृती, किरिस्ताव हे शब्द वर आहेत. खाली कॉलेजात जाणाऱ्या मुलीची काळजी आहे, आणि गावात नाव निघेल ही धास्ती आहे. हे ओळखलंत तर तुमचं अर्धं भांडण सासऱ्यांशी नाहीच, हे लक्षात येईल.

अशा वेळी आपल्याकडचे सुशिक्षित लोक मदनोत्सवाचा दाखला देतात. प्राचीन भारतात वसंतात कामदेवाचा उत्सव होत असे, हे अगदी खरं. पण तुमच्या सासऱ्यांच्या आयुष्यात मदनोत्सव कुठेच नाही. त्यांच्या आयुष्यात पंढरपूर आहे, देहू आहे, माघ दशमीला भंडारा डोंगरावरचा सप्ताह आहे. तर मग पंढरपूरचंच बघू. द्वारकेत रुक्मिणी कृष्णावर रुसली आणि दिंडीरवनात येऊन बसली. तिला शोधत देव इकडे आला. ही कथा तुमच्या सासऱ्यांनी कीर्तनात किती वेळा ऐकली असेल! तिथेच त्याला पुंडलिक भेटला, आईवडिलांच्या सेवेत गढलेला, देवाला वीट फेकून ‘थांब जरा’ म्हणणारा. बायकोची समजूत काढायला निघालेला देव आणि आईबापांची सेवा सोडून न उठणारा मुलगा, एकाच कथेत आहेत, एकाच गावात. एकाला मान द्यायला दुसऱ्याचा मान काढावा लागत नाही. पंढरपुरात दरवर्षी वसंत पंचमीला विठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा होतो, मंदिर फुलांनी सजतं. २०२४ मध्ये ही वसंत पंचमी नेमकी १४ फेब्रुवारीला होती.

मात्र दोन गोष्टी सांभाळा. एक, ही कथा सासऱ्यांना हरवण्यासाठी वापरू नका. ज्यांनी आयुष्यभर ती ऐकली त्यांना तिचा अर्थ सुनेने ऐकवणं त्यांना झोंबेल. एखाद्या निवांत रात्री, भांडणाचा विषय नसताना, ‘आबा, रुक्मिणीमाता रुसून आली ती गोष्ट सांगा ना’ असं म्हणा आणि ऐका. सांगता सांगता त्यांना काय वाटतं ते त्यांचं त्यांना वाटू द्या. दुसरं, ‘मग आपण १४ ऐवजी वसंत पंचमीच करू’ या तडजोडीला पटकन हो म्हणू नका. ऐकायला ती छान वाटते, पण त्यात दोघांची संध्याकाळ पुन्हा घराच्या पूजेत विरघळून जाते. तारीख बदलायला माझी काहीच हरकत नाही. ती संध्याकाळ मात्र दोघांचीच राहिली पाहिजे.

नवऱ्याबद्दल तुम्ही फार कडक बोलला आहात. प्रेम असतं तर तो भांडला असता, असं तुम्ही धरून चालला आहात. मला त्या पत्रात दुसरंही काही दिसलं. बापाला आवडणार नाही हे ठाऊक असूनही तो रात्रीचं काम संपवून एक गुलाब बाजूला काढून खोलीत घेऊन आला. त्याला तुमच्यासाठी काही करता येतं. बापासमोर बोलता येत नाही. सिझनमध्ये बाप-लेक एकाच टेबलाला उभं राहून दांड्या मोजतात, पैशांचा व्यवहार बापाच्या हातात, उद्याचं सगळं आयुष्य त्याच शेतावर. अशा मुलाचा आवाज का निघत नाही, हे समजून घेता येतं. समजून घ्या, पण सोडून देऊ नका. कारण त्याच्या गप्प राहण्याची किंमत तो देत नाही, तुम्ही देता. तो बोलला नाही की घराच्या डोळ्यांत ही मागणी एकट्या सुनेची होते, मुलगा बिचारा मधे सापडलेला. आणि सुनेची मागणी मोडून काढणं घराला नेहमीच सोपं जातं.

म्हणून आबांशी त्याने बोलायचं, तुम्ही नाही. आधी तुम्ही दोघं बोला, आणि ‘तू भित्रा आहेस’ हे वाक्य त्यात येऊ देऊ नका. मागच्या वर्षी तो उभा राहिला तेव्हा तुम्हाला नेमकं काय वाटलं, ते सांगा. मग त्याने आबांकडे जावं, एकट्याने, शेतावर, कोणी ऐकत नसताना. बोलणं लांबवायची गरज नाही: ‘आबा, १४ च्या पूजनाला आम्ही दोघं येणार, मनापासून येणार. ते झालं की आम्ही दोघं जेवायला बाहेर जाणार आहोत, दहापर्यंत परत येऊ.’ यात परवानगी मागितलेली नाही, हे बघा. दोन सज्ञान, लग्न झालेल्या माणसांना जेवायला जायला परवानगी लागत नाही. पण घरात राहणाऱ्या मोठ्यांना आधी सांगणं लागतं, आणि सांगणं आणि विचारणं यातला फरक त्याच्या आवाजात असायला हवा. आबा चिडले तर त्याने वाद घालू नये, व्हॅलेंटाईनची बाजूही मांडू नये. ‘तुम्हाला आवडत नाही हे मला कळलं, आबा. पण आम्ही जाणार आहोत,’ एवढं म्हणून कामाला लागावं.

एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. परदेशी माल दहा तारखेच्या आत गेलेला असतो, इथला बाजारही तेरापर्यंत आटोपतो. १४ ची संध्याकाळ म्हणजे तुमच्या घरासाठी तीन आठवड्यांच्या जागरणानंतरची पहिली मोकळी संध्याकाळ. मी तुमच्या जागी असते तर पूजनाला जाताना सासू-सासऱ्यांसाठी खरंच काहीतरी केलं असतं. तीन आठवडे उभं राहून सासूबाईंचे पाय सुजले असतील. गरम पाण्याचा शेक, दुसऱ्या दिवशी त्यांना स्वयंपाकघरातून सुट्टी. कार्यक्रमातल्या ओवाळणीपेक्षा हे त्यांना जास्त पोचेल. पण हे लाच म्हणून करू नका. मनात नसेल तर करूच नका, त्या ओळखतील.

खोटं बोलून जाण्याचा मार्ग बऱ्याच जणी निवडतात. मैत्रिणीकडे बारसं आहे, दवाखान्यात जायचंय, वगैरे. लहान गावात ते रात्रीपर्यंत उघडं पडतं, आणि मग जेवायला जाण्यात नसलेलं पाप त्या खोट्यातून तयार होतं. आणि दरवर्षी गप्प बसून सोडून देण्याचा मार्ग? एखाद्या वर्षी ठीक आहे. घरात आजारपण असेल, सुतक असेल तर सोडाच. पण कायमचं सोडलंत तर ते १४ तारखेपुरतं राहत नाही. मग माहेरी जाणं, नोकरी, मूल कधी, सगळंच ‘माळेचं घर’ ठरवू लागतं आणि तुमचा नवरा मान खाली घालायला शिकतो.

अशीच पत्रं लग्न न झालेल्या मुलामुलींचीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी इथेच दोन शब्द. दोन सज्ञान व्यक्तींनी बागेत बसणं, हॉटेलात जेवणं, हातात हात घेऊन चालणं हा गुन्हा नाही. कोणी झुंडीने अंगावर आलं, फोटो काढू लागलं, तर हुज्जत न घालता गर्दीच्या, उजेडाच्या ठिकाणी जा आणि ११२ ला फोन करा. जोडीदार दुसऱ्या जातीचा किंवा धर्माचा असेल तर त्या दिवशीचा फोटो स्टेटसला ठेवण्याआधी दहा वेळा विचार करा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण घरी तुम्ही सांगण्याआधी गावाने सांगू नये. सज्ञान मुलगा-मुलगी एकमेकांना निवडतात तेव्हा कुटुंबाची किंवा समाजाची संमती आवश्यक नसते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे. आणि कुठल्याही घरात हा विरोध रागावण्यापुरता न राहता फोन काढून घेणं, कोंडून ठेवणं, हात उचलणं इथवर गेला, तर समजुतीच्या गोष्टी बाजूला ठेवा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा अशाच घरांतल्या स्त्रियांसाठी आहे, आणि १८१ या क्रमांकावर मदत मिळते. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. तुमच्या घरात अबोला आहे, आणि अबोला मोडता येतो.

राहिली नणंद. तिला या सगळ्यातून वगळू नका. ती सगळं बघतेय, आणि वहिनी-दादाचं काय होतं यावरून स्वतःचं गणित मांडतेय. सासूबाईंना वाटतं की तिने यातून वाईट काही घेऊ नये. तुम्ही त्यांना सरळ सांगू शकता: ‘आई, ती काय शिकेल याची काळजी मलाही आहे. लपूनछपून नाही, घरात सांगून, नीट माणसाबरोबर, वेळेत परत, हे तिने बघितलं तर बरंच ना?’ त्यांना लगेच पटणार नाही. पण त्यांच्या खऱ्या काळजीबद्दल त्यांच्याशी पहिल्यांदाच कोणीतरी बोललेलं असेल.

आणि नवऱ्याशी बोलणं सिझनच्या ऐन धावपळीत नको, १४ च्या दुपारी तर मुळीच नको. छाटणी झाल्यानंतर आणि कळ्या भरायच्या आधी जे त्यातल्या त्यात निवांत चार आठवडे मिळतात, त्यातली एक रात्र त्यासाठी काढा.